आधी मागा, मग सोपवा

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये संकटातली प्रार्थना बऱ्याचदा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. रिपोर्ट हातात येतो आणि पहिलंच वाक्य निघतं, "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." ऐकायला हे भक्तीचं वाटतं. पण काय हवंय ते सांगितलंच नाही, तर देवावर सोपवलं तरी काय?

क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने असं केलं नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायातलं ३६वं वचन सावकाश वाचा. आधी 'अब्बा, बापा' ही हाक. मग 'तुला सर्व काही शक्य आहे' हा भरवसा. मग 'हा प्याला', म्हणजे समोर उभं असलेलं दुःख, 'माझ्यापासून दूर कर' ही मागणी, आडपडदा न ठेवता. आणि त्यानंतर 'तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे'. हा क्रम उलटा केला की प्रार्थनेतली मागणीच गळून पडते, आणि उरतं ते नुसतं हात टेकणं.

मत्तयाच्या २६व्या अध्यायात तीच रात्र अजून उलगडते. पहिल्या खेपेला तो म्हणतो, होईल तर हा प्याला टळून जावो. दुसऱ्या खेपेला म्हणतो, मी प्यायल्याशिवाय हा टळणार नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच शब्द. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मध्ये काहीतरी सरकलंय, आणि तेही सलग बसून नाही. मध्येच उठून तो शिष्यांकडे येतो, ते झोपलेले दिसतात, परत जातो. इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय म्हणतो की त्याने मोठा आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना केली. खुद्द प्रभूला एवढ्या येरझाऱ्या लागल्या, मग आपल्याकडून एका दमात 'सगळं तुझ्यावर सोडलं'ची अपेक्षा कशाला?

आता प्रत्यक्ष करायचं कसं. शक्य असेल तर आवाज काढून प्रार्थना करा. मनातल्या मनात सुरू केलेली प्रार्थना पाच मिनिटांत काळजी होऊन बसते, आणि आपण देवाशी बोलतोय की स्वतःशीच हिशेब घालतोय हे कळेनासं होतं. घरात माणसं असतील, एकच खोली असेल, तर मंदिरात मूल मागणाऱ्या हन्नेसारखं नुसते ओठ हलवा. एली याजकाला ती नशेत आहे असं वाटलं होतं, पण तिची विनवणी ऐकली गेली. तेही जमत नसेल तर वहीत लिहा.

मागणी नेमकी हवी. '२ राजे' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात अश्शूरचा राजा सन्हेरीब धमकीचं पत्र पाठवतो. यहूदाचा राजा हिज्कीया ते वाचतो, मंदिरात जातो आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवतो. ही पद्धत आजही जशीच्या तशी उचलता येते. बायोप्सीचा कागद, बँकेची नोटीस, कोर्टाचं समन्स, जे असेल ते समोर ठेवा आणि त्यातली जी ओळ छातीत रुतते ती वाचून दाखवा. "आमच्या अडचणी तुला ठाऊक आहेत" असं गोल गोल बोलण्यापेक्षा "सोमवारी निकाल आहे, गाठ साधी निघू दे" असं म्हणा. नेमकं मागितलं की उत्तर 'नाही' आलं तर तेही नेमकं कळतं. गोल मागण्यांचा ओढा असतो तो बहुधा याच भीतीपोटी.

शब्दच सुचत नसतील तर १३वं स्तोत्र घ्या. वचनं फक्त ६, मोठ्याने वाचायला मिनिटभर पुरतं. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा सवाल चार वेळा येतो: कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर माझ्या जिवाला घोर, कोठवर शत्रू वरचढ. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणी आहे, आणि ती करताना कारणही दिलंय: माझ्याकडे पाहा, नाहीतर मी मरणाच्या झोपेत जाईन. शेवटच्या दोन वचनांत भरवसा. एकेक वचन वाचून थांबायचं आणि त्याखाली स्वतःचं एक वाक्य घालायचं. गडबड होते ती इथे: लोक पहिली दोन वचनं भराभर उरकून पाचव्यावर येतात, कारण देवाकडे तक्रार करणं पाप वाटतं. स्तोत्रकर्त्याला तसं वाटलेलं दिसत नाही. स्तोत्रांतला मोठा वाटा विलापाचाच आहे.

आणि पाचव्या वचनापर्यंत पोचताच आलं नाही तर? मग ८८वं स्तोत्र वाचा. त्यात ते वळण येतच नाही, शेवट अंधारातच होतो. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि मंडळी ते प्रार्थना म्हणूनच वाचत आली आहे. ज्यांना हेही जड जातं त्यांच्यासाठी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आहे. शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आत्मा आपल्यासाठी विनंती करतो, असं पौल तिथे लिहितो. गप्प बसून नुसता उसासा टाकला तरी ती प्रार्थना धरली जाते.

किती दिवस मागत राहायचं, हा प्रश्न हमखास येतो. पौलाने 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि 'माझी कृपा तुला पुरे' हे उत्तर मिळाल्यावर तो थांबला. उलट लूकच्या १८व्या अध्यायातली विधवा न्याय मिळेपर्यंत न्यायाधीशाचा पिच्छा सोडत नाही, आणि येशू तिचं उदाहरण देतो. म्हणजे आकडा नाही, उत्तर येईपर्यंत मागायचं. दावीद राजाकडे पाहिलं की हे लख्ख दिसतं. त्याचं मूल आजारी असेपर्यंत तो उपाशी, जमिनीवर पडून. सातव्या दिवशी ते दगावतं. चाकर कुजबुजतात, आता याला सांगायचं कसं. दावीदाला कळतं, आणि तो उठतो, स्नान करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या घरात जाऊन नमन करतो आणि घरी येऊन जेवायला मागतो. चाकर चक्रावतात. त्याचं उत्तर सरळ आहे: तो जिवंत होता तोवर कोण जाणे, कृपा झाली असती, आता उपास कशाला? दार उघडं असेपर्यंत विनवणी, बंद झाल्यावर नमन. नमनानंतर जेवणही आलंच, आणि शोकाच्या घरात नेमकं तेच राहून जातं.

केडगावच्या पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई स्वतः १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या. मधले महिने त्यांचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालूच होतं. समर्पण हे असं कामात दिसतं, चेहऱ्यावरच्या शांततेत दिसेलच असं नाही.

आता समर्पणाच्या नावाखाली जे चालतं त्याबद्दल. "बरं केलंस तर पुढच्या रविवारी साक्ष देईन" हा नवसच आहे, फक्त चर्चमधला. "विश्वास कमी पडला म्हणून बरं वाटलं नाही" हे रुग्णाला ऐकवणं क्रूर आहे. ज्याची विनंती तीनदा नाकारली गेली त्या पौलाचा विश्वास कमी होता का? "कुणाच्या पापाची शिक्षा" हा सवाल योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनीच जन्मांध माणसाबद्दल विचारला, आणि येशूने तो तिथेच मोडीत काढला. काही प्रचारक सांगतात, 'तुझी इच्छा असेल तर' म्हणणं अविश्वासाचं आहे. मग राजाच्या मूर्तीला नमायला नकार देऊन जळत्या भट्टीसमोर उभे राहिलेले शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो? आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण तसं झालं नाही तरी मूर्तीला नमणार नाही, असं ते म्हणाले. त्यांना कोणी अविश्वासू म्हणत नाही.

औषध थांबवणं म्हणजे देवावर भरवसा ठेवणं नव्हे. उपासाचंही तेच. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपाशी राहिल्याने साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका. हवं तर टीव्ही आणि मोबाइल सोडा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मार खाणाऱ्या बाईला "हा तुझा क्रूस आहे, सोस" असं सांगणं. लोकांनी दगड उचलले तेव्हा येशू मंदिरातून निघून गेला. दमिष्कात जिवावर बेतलं तेव्हा पौल पाटीत बसून गावकुसावरून खाली उतरला, आणि पुढे खटल्यात त्याने कैसराकडे दाद मागितली. सुटकेची वाट असेल तर ती धरायची. गेथशेमानेतला प्याला कुणा नवऱ्याने बायकोच्या हातात द्यायचा नसतो.

दुसऱ्यासाठी प्रार्थना करायला जाणाऱ्यांनी आधी विचारावं, "कशासाठी मागू?" आपल्याला वाटतं बरं होण्यासाठी, रुग्णाला हवी असते रात्रीची झोप, किंवा मुलाच्या फीची सोय. प्रार्थना दोन मिनिटांत संपवा, प्रवचन घालू नका. गेथशेमानेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना उपदेश करायला नेलं नव्हतं. इथे थांबा आणि जागे राहा, एवढंच सांगितलं होतं, आणि तेवढंही त्यांना जमलं नाही. साखळी प्रार्थनेसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना आजाराचं नाव आणि रिपोर्टचा फोटो टाकू नका. "आपल्या एका बहिणीच्या ऑपरेशनसाठी, उद्या सकाळी" एवढं पुरतं. याकोबाच्या पत्राप्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेलाने अभ्यंग करायचा असेल तर आयसीयूत आधी नर्सला विचारा. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असेल तर चेहऱ्याला तेल लावू नका आणि मेणबत्ती तर मुळीच पेटवू नका, कारण ऑक्सिजनजवळ आग चटकन भडकते. परवानगी मिळाली तर सुई नसलेल्या हाताच्या पाठीवर एक थेंब लावला तरी चालतो.