लळिंगच्या मळ्यातलं भरीत

धुळ्यात थंडी पडली, पहाटे दुसरी गोधडी ओढावीशी वाटू लागली, की आमच्या गल्लीत विषय एकच : यंदा भरीत कधी? मंडळ गणपती बसवतं, नवरात्रात भंडारा करतं, शिवजयंतीला मिरवणूक काढतं. पण पुण्याला, नाशकाला, सुरतेला गेलेली पोरं रजा टाकून येतात ती भरिताला. गणपतीला नाही जमलं तर कोणी काही म्हणत नाही. भरिताला जो येत नाही त्याला मात्र आईचा फोन जातो, "बरा शे ना, भो?"

आमच्या गल्लीला नाव नाही, नंबर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने शहर आखलं, तेव्हापासूनच्या या सरळ, काटकोनात जाणाऱ्या गल्ल्या. ओट्याला ओटा लागलेला. एका टोकाला हाक मारली की दुसऱ्या टोकाचं दार उघडतं.

भरीत गल्लीत होत नाही, नानांच्या मळ्यात होतं. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी आदल्या रात्रीच येऊन पडतात. हिरवी, फिकट झाकेची, चांगली मोठी, बिया कमी आणि गर भरपूर. कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यावर वांगी पसरायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. काड्यांचा जाळ भराभर चढतो आणि भराभर उतरतो. तो कधी वाढवायचा आणि कधी नुसत्या निखाऱ्यावर सोडायचं, हे नानांनी ठरवायचं. कोणी काडी जास्त सारली की नाना मान वर न करता म्हणणार, "घाई करानी नई."

मग सोलणं. ते काम पोरांचं. बोटं भाजतात, साल नखात अडकते, धुराने डोळे चुरचुरतात, आणि तिथेच वर्षभराच्या गप्पा होतात. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या वडिलांना साखर निघाली, हे सोलायला बसल्यावरच कळतं. सोललेला गर बडजीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायचा. फोडणीत शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची हिरवीगार पात. सोबत पुऱ्या, ज्यांना हवी त्यांना कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, आणि ताक. पंगत बसते ती बांधावर, सतरंज्या टाकून.

या सगळ्याच्या मागे एक वही असते. जिभाऊंची. मंडळाची पातेली, कढया, झारे, पराती, पिंप, सगळ्यांच्या काठावर मंडळाचं नाव ठोकलेलं, आणि वहीत प्रत्येक भांडं कुठे आहे त्याची नोंद. कुणाच्या घरी बारसं असो की बारावं, भांडी याच वहीतून जातात आणि घासून परत येतात. जिभाऊ तहसीलच्या शिस्तीने वही ठेवायचे. चाळीस माणसांना तेल किती, दोनशेला किती, मीठ किती, पीठ कधी भिजवायला घ्यायचं, हेही त्याच वहीच्या मागच्या पानांवर. ती पानं पुढे किती कामाला येणार आहेत, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

२२ मार्च २०२० ला, रविवारी, कोरोनामुळे जनता कर्फ्यू झाला. २५ तारखेला पाडवा, आणि त्याच दिवसापासून देश बंद. गुढ्या उभारल्या, पण दर्शनाला, भेटीला कोणी बाहेर पडलं नाही. ८ एप्रिलच्या चैत्र पौर्णिमेला पांझरा नदीकाठी एकवीरा देवीची यात्रा भरली नाही. आमच्या गल्लीत दोन घरी जावळं व्हायची होती. ती तशीच राहिली.

पहिले काही दिवस नुसती भीती. मग एके सकाळी जिभाऊंनी ओट्यावर उभं राहून हाका मारल्या. कुणाच्या घरी बीपीच्या, साखरेच्या गोळ्या संपत आल्या आहेत, कुणाचं हातावरचं पोट आहे, याची वहीत नवी पानं सुरू झाली. रिक्षावाला, शिलाईवाला, लग्नात बँड वाजवणारा, यांचं सगळं उत्पन्न एका रात्रीत थांबलं होतं. त्यांच्याकडे किराणा पोचवायचा, पण पोचवला असं दिसू द्यायचं नाही, हे गल्लीतल्या आक्कांनी सांगितलं. म्हणून मंडळाने सगळ्याच घरी सारखी पिशवी दिली. ज्यांना गरज नव्हती त्यांनी संध्याकाळी गुपचूप आपली पिशवी मंडळात परत आणून ठेवली. बाजार बंद, व्यापारी येईना, म्हणून ओळखीच्या एका शेतकऱ्याने टरबुजांनी भरलेली ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी उभी केली. पैसे घेतले नाहीत. "वावरमा सडाले नको," एवढंच म्हणाला.

आणि मग महामार्गावरून माणसं यायला लागली.

मुंबई, ठाणे, भिवंडी, नाशिक. तिथून उत्तर प्रदेशाकडे, मध्य प्रदेशाकडे निघालेली. मुंबईपासून धुळं सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. मालेगाव मागे टाकून लळिंगचा घाट उतरला की उजाडताना पहिली सावली लागते ती नानांच्या मळ्यातल्या निंबाची. नानांनी आधी पाण्याचं पिंप लावलं. दुसऱ्या दिवशी जिभाऊंना फोन केला, "भांडा धाडा."

पोलिसांकडून मोजक्या माणसांचे पास घेतले आणि भरिताची सगळी भांडी पुन्हा मळ्यात गेली. कुणाला काही समजवावं लागलं नाही, हेच मला आजही सगळ्यात मोठं वाटतं. नाना जाळावर बसले. सोलणारी पोरं कांदे-बटाटे सोलायला बसली, या वेळी लांब लांब, तोंडाला रुमाल बांधून. वाढणारे वाढायला उभे राहिले. जिभाऊंनी वहीची मागची पानं उघडली. वर्षातून एकदा, हौसेखातर जे करत होतो, त्यात प्रत्येकाचा हात बसलेला होता. शहरात पैसे असलेली, मन असलेली माणसं पुष्कळ होती. पण दोनशे माणसांची खिचडी करपू न देता, वेळेवर, रोज शिजवायची तर त्यासाठी पाठीशी वर्षानुवर्षांची पंगत लागते. ती आमच्याकडे होती.

पुढच्या गल्लीतल्या यंत्रमागवाल्या चाचांनी आपली मोठी डेग पाठवली. रमजान सुरू झाला तसे त्यांचे रोजे होते. तरी भरदुपारी पाण्याच्या कॅन घेऊन ते स्वतः टेम्पोसोबत यायचे. पाण्याचा थेंब तोंडात न घालता लोकांच्या बाटल्या भरून द्यायचे.

२६ एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, मांडे आणि आमरस होतो. त्या वर्षी एकही लेक आली नाही. आक्कांच्या दोघी मुली सुरतेला, व्हिडिओ कॉलवर रडल्या. आक्कांनी सकाळी पितरांची घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, दोन आंबे ठेवले, पूजा केली. आणि मग आणखी एक नवी कोरी घागर टेम्पोत घालून मळ्यात आल्या. निंबाखाली ओली वाळू पसरून ती त्यावर बसवली आणि शेजारी ओगराळं टांगलं. एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन चालत आली होती. टाचा फुटलेल्या, चप्पल दोरीने बांधलेली. आक्का तिला म्हणाल्या, "माय, सावलीमा बस. आधी खाई ले, मंग जाय." तिला अहिराणी येत नव्हती आणि आक्कांना हिंदी. तिने लेकरू आक्कांच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी पाणी प्यायली. आक्कांनी स्वतःच्या पायातली चप्पल काढून दिली आणि त्या दिवशी तापल्या रस्त्याने अनवाणीच टेम्पोपर्यंत गेल्या.

मे महिन्यात ऊन चाळिशीच्या वर गेलं. एसटीने मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला गाड्या सुरू केल्या, शिरपूर ओलांडून पळासनेरकडे. तेव्हा खिचडी थांबवून आम्ही पुऱ्या आणि कोरड्या भाजीची पाकिटं करू लागलो, गाडीत खाता यावीत म्हणून. पुऱ्या मळ्यात लाटायला इतकी माणसं आणता येत नव्हती. म्हणून आक्कांनी गल्लीत घराघरांत पीठ वाटलं आणि ओट्या-ओट्यावरून पुऱ्या गोळा झाल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. आषाढीला मुक्ताईची पालखी एसटीने पंढरपूरला गेली, ते टीव्हीवर पाहिलं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई बसल्या, पण त्यांच्या प्रसादाचे रोट ज्याच्या त्याच्या घरात. भाऊबंद एकत्र आले नाहीत. गणपती चार फुटांच्या आत, मिरवणूक नाही. त्या थंडीत भरीतही झालं नाही. नानांनी वांगी मात्र मागवली, मळ्यात एकट्याने भाजली आणि डबे करून घरोघर पाठवली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत जिभाऊ गेले. शेवटच्या दोन दिवसांपूर्वीपर्यंत ते फोनवरून डब्यांचा हिशेब विचारत होते. तेव्हा घरात अलगीकरणात असलेल्या कुटुंबांना मंडळ दोन वेळचे डबे देत होतं. जिभाऊंना खांदा द्यायला गल्ली जाऊ शकली नाही. हे दुःख अजून बोचतं. वही त्यांच्या सुनेने आणून आक्कांच्या हातात दिली.

भरीत पुन्हा झालं ते २०२२ च्या डिसेंबरात. एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. सुरतेच्या दोघी लेकी आल्या, चाचा आपल्या नातवाला घेऊन आले, ज्या शेतकऱ्याने टरबुजं दिली त्याला मुद्दाम गाडी पाठवून आणलं. आणि एक गोष्ट बदलली होती, कायमची. पूर्वी बाया पुऱ्या लाटायच्या आणि शेवटच्या पंगतीला, गार झालेलं खायच्या. लॉकडाऊनच्या त्या महिन्यांत सगळं काम त्यांनी पेललं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आक्कांनी वही उघडून सरळ जाहीर केलं की पहिली पंगत बायांची आणि वाढायला पुरुष. नाना लगेच उठले आणि ताकाची बादली उचलली.

आता वही आक्कांकडेच आहे. मागच्या पानांवर जिभाऊंच्या अक्षरातली मापं, आणि त्याखाली आक्कांनी लिहिलेली : खिचडी, दोनशे माणसं, पुऱ्या, पाकिटं, घरनिहाय पीठ. यंदाची वांगी सांगून झाली आहेत. नानांचे गुडघे आता धरत नाहीत, त्यामुळे जाळावर त्यांचा नातू बसणार आहे. नाना शेजारी खाट टाकून बसतील आणि काडी जास्त सारली की ओरडतील. बाहेरगावच्या पोरांनी रजेचं लवकर पाहावं. तारीख मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारची धरली आहे.