टिकली, तार आणि पास

रविवारची दुपार. लाईन गेलेली. दात सरळ करायला लेकीच्या दातांना तार बसवलेली. लेक गालावर हात धरून आली, "बाबा, तार रुतून राहिली."

आमच्या गावाहून यवतमाळ ४० किलोमीटर, त्यात दातांचा दवाखाना रविवारी बंद. फोन लागला हेच नशीब. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "ब्रॅकेट सुटलं, की वायर ट्यूबमधून निघाली?"

मी म्हटलं, "ते दातावरची टिकली असते ना, तिच्या मागची तार..."

बाई हसल्या. वाईट नव्हत्या हसल्या, पण मला एकदम आमच्या गावचा लोहार आठवला. आठ-नऊ वर्षांचा असताना बाबांनी वखराची पास शेवटायला, म्हणजे धार काढून आणायला पाठवलं होतं. मी भात्यासमोर उभा राहून म्हणालो, "हे लोखंडी पट्टी..." लोहारानं घण खाली ठेवला. "पट्टी कायची बे? पास म्हन पास! कास्तकाराचं पोट्टं ना तू?" शेवटून झालेली गरम पास पोत्यात गुंडाळून घरी आणताना मी वाटभर रुमणं, जानोळं, शिवळा, जोतं अशी अवजारांच्या भागांची नावं घोकत आलो होतो.

तसंच परवा घोकलं. दातावर चिकटवतात ते ब्रॅकेट. त्याच्या खाचेतून जाते ती आर्चवायर. तिला खाचेत धरून ठेवणारं रबराचं इवलं कडं म्हणजे लिगेचर. दर खेपेला त्याचा रंग बदलता येतो. मागच्या खेपेला लेकीनं केशरी आणि निळा निवडला, तर आजोबा म्हणाले, "पोळ्याचा बैल सजला बाप्पा." शेवटच्या दाढेवर असते ती ट्यूब, तारेचं टोक तिच्यात जातं. आमचं तिथूनच निसटलं होतं.

मला वाटायचं, ब्रॅकेटच दात ओढतं. ते तर नुसतं जू. बैल म्हणजे तार. निकेल-टायटॅनियमची तार वाकवून बसवली तरी ती आपल्या मूळ कमानीवर येऊ पाहते, आणि त्या ओढीनं दात सरकतो. म्हणजे खरं तर दाताच्या एका अंगाचं हाड विरघळतं, दुसऱ्या अंगाला नवं भरतं. महिन्याला जेमतेम एखादा मिलिमीटर. शेताचा धुरा, म्हणजे बांध सरकवणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला इतका धीर असता तर कोणाला पत्ताही लागला नसता.

एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १८९९ साली वाकड्या दातांचे वर्ग पाडले, ते पहिल्या पक्क्या दाढेकडे बघून. गावानं माझा वर्ग समोरचे दात बघूनच पाडला होता. दाताळ्या. खळ्यातल्या लांब दात्यांच्या दाताळ्यावरून. चौथीपासून दहावीपर्यंत हजेरीपटावर सोडून सगळीकडे हेच नाव. लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत माझे दात दिसत नाहीत. बायको म्हणते, फोटोवाल्यानं रागावून काढलेत वाटतं.

वरचे दात खालच्यांच्या पुढे आडवे जितके येतात त्याला ओव्हरजेट म्हणतात. उभे जितके झाकतात तो ओव्हरबाईट. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत चालतं.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे डबीतलं मेण वाटाण्याएवढं घेऊन बोटांत मळलं, दाढ कापसानं कोरडी केली आणि तारेच्या टोकावर दाबलं. लेक आरशात बघून आली. मग कंपासमधली पट्टी काढली.

"बाबा, ईऽऽ करा. तुमचा ओव्हरजेट मोजते."

केलं. घरात कोणी नव्हतं.

"सात," ती म्हणाली आणि पट्टी ठेवून खेळायला पळाली. शून्याच्या आधीचा तो कोरा काठ तिनं धरला की सोडला, कोण जाणे.