ट्यूनिंग बॉक्स घेऊ का, काका?

माझं गॅरेज साताऱ्यात, काम बहुतेक डिझेलचं. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम आला, मारुतीने डिझेल बंद केलं, आणि तेव्हापासून ज्यांच्याकडे जुनी डिझेल स्विफ्ट नाहीतर डिझायर आहे ते ती जिवापाड जपतात. इंजिन फियाटचं, 1.3 मल्टिजेट. मारुती, टाटा, फियाट, सगळ्यांच्या बॉनेटखाली तेच.

परवा अशीच एक डिझायर आली. मुलगा पंचविशीतला, गाडी सेकंडहँड घेतलेली. "काका, पाच माणसं बसली की यवतेश्वराचा घाट चढताना दम खाते. ट्यूनिंग बॉक्स टाकू का?" मोबाइलवर दोन वस्तू दाखवल्या. एक काही शे रुपयांची, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे स्कॅनर जोडायच्या जागी, लावायची. पिकअप वाढेल, मायलेजही वाढेल असा दावा. दुसरा खरा बॉक्स, पंचवीस हजारांच्या घरातला.

पहिलीचा निकाल लगेच लावला. तसली एक मी उघडून ठेवलीय, ती दाखवली. सॉकेटमधल्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवरून गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणं होतं. त्या पिना आतल्या पट्टीला जोडलेल्याच नाहीत. दिवे तेवढे लुकलुकतात. हसला बिचारा.

दुसऱ्या बॉक्समध्ये मात्र दम असतो, ते नाकारत नाही. तो कॉमन रेलच्या, म्हणजे दाबाखालचं डिझेल साठवणाऱ्या नळीच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, खरं आहे त्यापेक्षा कमी प्रेशर कळवतो. ईसीयू प्रेशर वाढवतो, प्रत्येक फवाऱ्यात डिझेल जास्त पडतं. रीमॅपिंग वेगळं. त्यात कधी किती डिझेल सोडायचं हा ईसीयूमधला हिशोबच बदलतात, टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, हवेसकट. साध्या बॉक्सला हवेचं काही घेणंदेणं नाही.

बसवायचे पैसे मलाच मिळणार होते. पण मी म्हटलं, आधी कंपनीने विकलेली 75 पीएसची ताकद तरी पुरी मिळतेय का बघू. स्कॅनर लावून घाटात घेऊन गेलो. चेक लाइट नव्हता, एरर कोडही नाही. पण तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मागतोय 2100 मिलीबार आणि आकडा 1500 च्या पुढे सरकत नाही. साताऱ्याच्या उंचीवर हवेचाच दाब नऊशेच्या वर. म्हणजे टर्बोची निम्मी मेहनत रस्त्यात सांडत होती.

कुठे, ते शोधण्यात दुपार गेली. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून येणारा रबरी होज वरून ठणठणीत होता. खालून बोट फिरवलं तर तेलकट धुळीचा थर लागला. आयडलला चीर मिटलेली, हाताला जाणवत नाही. दोन्ही टोकं बंद करून कंप्रेसरची हवा दिली, साबणाचं पाणी मारलं, आणि चिरेच्या जागी फेस फुरफुरला. पोराने व्हिडिओ काढला.

त्याला समजावलं. हवा कमी पडतेय हे ओळखून ईसीयू स्वतःहून डिझेल आवरत होता, म्हणून गाडी मरगळलेली. बॉक्स टाकला असता तर तो आवरही सुटला असता: हवा तेवढीच, डिझेल जास्त. मागे काळा धूर, आणि टर्बो-पिस्टनला नको तेवढी उष्णता. घाट मात्र चढली असती, म्हणून हा होज कुणी बघितलाच नसता.

होज आणि क्लॅम्प बदलले, चोंदलेला एअर फिल्टर बदलला, ईजीआरमधला, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधला, काजळीचा चिखल खरवडला. पुन्हा घाट. आकडा मागणीला जाऊन भिडला.

"आता बॉक्स घेऊ का?" परत तेच! तरुण आहे, चालायचंच. सांगितलं, तुझ्या गाडीचा टर्बो साधा आहे, 2000 आरपीएमच्या खालचा सुस्तपणा बॉक्सने फारसा जाणार नाही. त्याच्या वर ताकद वाढेल, पण क्लचप्लेट इंजिनाच्या मूळ 190 न्यूटनमीटर टॉर्कच्या हिशोबाची; आज ना उद्या घसरणार, तो खर्च धरून चाल. इन्शुरन्सवाल्याला न कळवता बदल केलास तर क्लेमच्या वेळी तो बोट ठेवू शकतो. धूर वाढला तर पीयूसीची कटकट. एवढं करून हौस असेलच तर बॉक्सपेक्षा रीमॅप बरा, तोही आधी गाडी तपासून, चालवून रीडिंग घेणाऱ्याकडूनच. मी असतो तर हे पैसे टायरांना लावले असते. पुढचे दोन्ही गुळगुळीत झालेत.

टायरांचं ऐकून त्याने तोंड वाकडं केलं. बिल देऊन गेला. बॉक्सचं दिवाळीनंतर ठरवतो म्हणाला.