ओलं केल्याशिवाय पुसू नका

बालीहून येऊन पंधरा दिवस झाले तरी मी चष्मा बदललेला नाही. उजव्या काचेवर मधोमध बारीक चऱ्यांचं जाळं झालंय. रात्री समोरून गाडी आली की तिचे दिवे त्या काचेत फुटल्यासारखे पसरतात. हे चरे मीच पाडले, माझ्याच ओढणीने. २६ नोव्हेंबर २०१७, रविवारची सकाळ, सिदेमेन नावाचं गाव.

त्याआधीचे चार दिवस सगळ्यांचे जातात तसे गेले. उबुद, तनाह लोत, माकडं, फोटो. कुटाच्या किनाऱ्यावर इतकी गर्दी की मला तिथे तासभरही बसवलं नाही. बाबांना शांत जागा हवी होती म्हणून आगुंग या ज्वालामुखी पर्वताच्या बाजूच्या सिदेमेनमध्ये एका घरी एक रात्र राहायचं ठरवलं. सप्टेंबरपासून आगुंग धुमसत होता, हे मला माहीत होतं. पण गाव धोक्याच्या पट्ट्याबाहेर होतं आणि घरमालकीण फोनवर म्हणाली होती, या निर्धास्त. गेल्या गेल्या बाबा म्हणाले, "अगं, ही तर आपली इगतपुरी." भातखाचरं, पाटाचं वाहतं पाणी, खाली उतरलेले ढग. डोंगर दिसलाच नाही.

आदल्या संध्याकाळी आगुंगचा स्फोट झाला होता. आम्हाला आवाजसुद्धा आला नाही. सकाळी दार उघडलं तर अंगण राखाडी. बालीत घरोघरी उंबऱ्यापाशी नारळाच्या झावळीची छोटी परडी ठेवतात, 'चनांग सारी' म्हणतात तिला. तिच्यातल्या फुलांवर, भाताच्या चार शितांवर, उदबत्तीच्या काडीवर साय धरावी तशी राख बसली होती. केळीच्या पानांवर, आमच्या बाहेर राहिलेल्या चपलांवरही. मी बोटाने उचलून चोळली. चुलीतली राख कशी मऊ, पिठासारखी लागते. ही तशी नव्हती. पॉलिश पेपरवर बोट फिरवावं तशी लागली.

पाच मिनिटांत चष्म्यावरही राख बसली. सवयीने काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि परत घातला. तेवढ्यात आमचा ड्रायव्हर धावत आला तो गाडी पुसायला निघालेल्या पोराच्या हातून फडकं हिसकावायला. कोरडं फडकं लावायचं नाही, आधी पाणी, असं तो हातवारे करून सांगत होता. त्याने बादलीने काचेवर पाणी ओतलं, राख वाहू दिली, मग पुन्हा ओतलं. फडकं शेवटपर्यंत लावलंच नाही. माझा चष्मा पाहिला आणि हळहळला.

घरमालकिणीच्या आईने आम्हाला तोंडाला बांधायला मास्क दिले, वाटेसाठी केळी दिली. १९६३ मध्ये हाच डोंगर फुटला तेव्हा ती लहान होती. त्या वेळी हजाराहून जास्त माणसं गेली. ते वर्ष बेसाकीच्या मंदिरातल्या मोठ्या विधीचं होतं. विधीचं नाव 'एका दसा रुद्र', म्हणजे आपले एकादश रुद्रच. बाबांनी ते नाव ऐकून हात जोडले. लाव्हा मंदिराच्या अगदी जवळून गेला आणि मंदिर वाचलं. हे सांगताना त्या बाई अंगण झाडत नव्हत्या, पाणी शिंपडत होत्या. ज्यांच्या घरावर राख पडत होती त्यांनी आमची इतकी काळजी घेतली, हे मी विसरणार नाही.

सोमवारी, २७ तारखेला दुपारचं आमचं विमान होतं. पहाटे धोक्याची पातळी सर्वांत वरच्या, चौथ्या टप्प्यावर नेली आणि सकाळी बालीचा ङुराह राय विमानतळ बंद झाला. आम्ही पोचलो तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक बॅगांवर डोकं टेकून झोपलेले, मुलं रडतायत, प्रत्येक काउंटरपुढे आवाज चढलेले.

माझाही चढला. दोन तास उभं राहून काउंटरला पोचले तर पलीकडे विशी-बाविशीची मुलगी. कंपनीने तिच्या हातात काहीही दिलेलं नव्हतं. दुसरं विमान नाही, हॉटेल नाही, फक्त एक छापील कागद. मी काचेबाहेर बोट दाखवून म्हटलं, "कुठाय राख? दाखवा मला!" बाहेर आपल्या श्रावणासारखं ढगाळ होतं, भुरभुर पाऊस होता. धावपट्टी ओली, स्वच्छ. मी म्हटलं, तुम्हाला विमान न्यायचंच नाहीये, पैसे वाचवताय तुम्ही. आणखीही बरंच बोलले. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, राख वर आहे. मलासुद्धा दिसत नाहीये." एवढं बोलली आणि तिचे डोळे भरून आले.

बाबांनी माझं कोपर धरलं आणि मला बाजूला घेतलं. ते फार बोलत नाहीत. पस्तीस वर्षं एसटीच्या डेपोत डिझेल इंजिनं उघडण्यात गेली. म्हणाले, "चष्मा काढ. बघ त्याच्याकडे. काल एकदाच पुसलास, तोही हाताने. विमान आठ-नऊशेच्या वेगाने त्यातून जाणार."

मी गप्प झाले.

मग भिंतीला टेकून बसल्या बसल्या मी फोनवर वाचत गेले आणि बाबांना मोठ्याने सांगत गेले. ज्वालामुखीची राख म्हणजे जळलेलं काही नसतंच, दगडाची आणि काचेची पूड असते. पाण्यात विरघळत नाही. विमानातल्या हवामानाच्या रडारला पावसाचे थेंब दिसतात, ही कोरडी बारीक पूड दिसत नाही, आणि रात्री तर डोळ्यांनाही दिसत नाही. बाबांचा पहिला प्रश्न, "एअर फिल्टर कुठे असतो?" नसतोच. जेट इंजिनाला इतकी हवा लागते की फिल्टर लावणं शक्यच नाही. बाबा बराच वेळ मान हलवत राहिले. फिल्टरशिवाय इंजिन ही गोष्ट त्यांना पटेना.

पुढचं त्याहून वाईट. ही पूड साधारण ११०० अंशांना वितळते आणि इंजिनाच्या पोटात १४०० अंशांच्या वर उष्णता असते. राख आत जाते, वितळते, पुढे टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन थिजते. काचेचा थर बसतो, हवेची वाट बुजते, इंजिन बंद पडतं.

आणि हे घडलं होतं शेजारच्याच जावा बेटावर. २४ जून १९८२ ची रात्र. लंडनहून ऑकलंडला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट, वाटेत आपल्या मुंबईला आणि मद्रासला थांबून पुढे आलेलं, २६३ माणसं आत. गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं एकामागून एक बंद पडली. समोरच्या काचेवर निळसर ठिणग्या नाचत होत्या, आत गंधकाचा वास. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना शांतपणे सांगितलं की छोटी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडलीत, ती चालू करायची शर्थ करतोय. ३७ हजार फुटांवरून विमान तरंगत साडेबारा-तेरा हजारांपर्यंत खाली आलं. तिथे राख नव्हती. इंजिनं थंड झाल्यावर थिजलेली काच तडकून सुटली आणि ती पुन्हा चालू झाली. जाकार्ताला उतरताना समोरची काच घासून इतकी अंधुक झाली होती की कडेच्या अरुंद पट्टीतून बघून विमान उतरवावं लागलं. मी माझ्या चष्म्याच्या कडेतून समोरची गर्दी बघून पाहिली.

डिसेंबर १९८९ मध्ये अलास्कात केएलएम या डच कंपनीच्या विमानाचंही तेच झालं. वैमानिकांनी वर निसटण्यासाठी ताकद वाढवली आणि त्यामुळे इंजिनांनी आणखी राख ओढली. चारही बंद. तेही वाचलं, पण इंजिनं बदलावी लागली. आता वैमानिकांना उलटं शिकवतात, ताकद कमी करायची आणि आल्या वाटेने मागे फिरायचं. बाबा म्हणाले, "बरोबर. धूर मारणाऱ्या गाडीला रेस द्यायची नसते."

राख कुठे जातेय यावर ऑस्ट्रेलियात डार्विनला बसलेली माणसं उपग्रहावरून लक्ष ठेवून होती. एकीकडे विमानतळांवर धावपट्टीपाशी कोरा कागद उघड्यावर ठेवतात आणि थोड्या वेळाने त्यावर कण दिसतात का बघतात. कागद कोरा राहिला तरी वरची हवा मोकळी आहे असं नाही. आदल्या दिवशी राख पूर्वेला, शेजारच्या लोंबोक बेटाकडे जात होती. मग जावाच्या दक्षिणेला 'चेम्पाका' नावाचं वादळ आलं आणि वारा विमानतळाकडे वळला. त्या एका दिवसात सुमारे ५९ हजार प्रवासी अडकले. त्या सगळ्यांना ती मुलगी आणि तिच्यासारखे इतर तोंड देत होते.

माफी मागायला मी परत गेले. रांग तीच, पण पलीकडे दुसरंच कुणी होतं. याची रुखरुख अजून आहे.

रात्री जावातल्या सुराबायाच्या बसमध्ये बसलो. बालीच्या पश्चिम टोकाच्या गिलीमानुक बंदराला पोचेपर्यंत पाठीची वाट लागली, फेरीबोटीसाठी पावसात तीन तास थांबलो. पलीकडे जावात उतरलो की घड्याळ एक तास मागे. बसमध्ये शाकाहारी म्हणून उकडलेलं अंडं आलं, बाबांनी केळी खाल्ली, सिदेमेनची. डावीकडे अंधारात कुठेतरी रौंग ज्वालामुखी होता. २०१५ मध्ये त्याच्याही राखेने बालीचा विमानतळ बंद पाडला होता. प्रवास विम्याबद्दल मात्र सांगते. डोंगर सप्टेंबरपासून जागा असल्याचं जाहीर होतं, म्हणून 'आधीपासून माहीत असलेली घटना' म्हणत विमावाल्यांनी एक पैसा दिला नाही. ती बारीक अक्षरं मी वाचली नव्हती. सिंगापूरमार्गे तिकिटं दुपटीहून महाग पडली.

२९ तारखेला दुपारी सुराबायाच्या विमानतळावर बसलो होतो तेव्हा टीव्हीवर दिसलं, वारा फिरला, बालीचा विमानतळ उघडला. मी बाबांना म्हटलं, "दोन दिवस थांबलो असतो तर?" ते काही बोलले नाहीत. माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, बाटलीतलं पाणी दोन्ही काचांवर हळूहळू ओतलं, झटकला, पुन्हा ओतलं, मग खिशातला रुमाल काढून अलगद टिपला आणि परत माझ्या हातात दिला.

चरे होते तसेच होते.