नऊ टेकड्यांचं गाव

लॅटव्हियन भाषेत टेकडी आणि डोंगर या दोघांना मिळून एकच शब्द आहे, 'कल्न्स'. हे कळलं तेव्हा मला जरा कीवच आली. आपल्याकडे टेकाड, टेकडी, डोंगर, सुळका अशी चढती भाजणी, आणि इथे सगळे एकाच दावणीला! पण देशातलं सगळ्यात उंच टोकच मुळी ३१२ मीटर, तर शब्द तरी किती पोसायचे?

लॅटव्हियाच्या राजधानीहून, रीगाहून, बसने दोनेक तासांवर ताल्सी लागतं. नऊ टेकड्यांचं गाव म्हणून त्याची ख्याती. उतरल्या उतरल्या मी टेकड्या शोधू लागलो, तर दिसेनात. चालायला लागलो तेव्हा सापडल्या, त्याही डोळ्यांना नाही, पोटऱ्यांना. गोट्यांची फरसबंदी पावसानं ओली झाली होती. माझ्या पुढून एक आजी दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या घेऊन, न थांबता, चढून गेल्या. मी मात्र फोटो काढायच्या मिषानं थांबलो.

टेकड्यांची नावं अगदी रोकडी: किल्ल्याची, चर्चची, गिरणीची, राजाची, सूर्याची. त्यातल्या किल्ल्याच्या टेकडीवर किल्ला नाही. कुर म्हणजे इथली जुनी बाल्टिक जमात; त्यांचा कोट होता तो लाकडाचा, कधीच मातीत गेला. आता वर गवत आणि खाली तळं. गड आहे, दगड नाही. बुरूज बघायची सवय असलेला माणूस इथे थोडा खट्टू होतो.

या कुरांची आणखी एक गोष्ट गावातल्या दुसऱ्या तळ्यात आहे. मेलेल्या माणसाला जाळून त्याची राख ते तळ्यात सोडत. बरोबर त्याच्या वस्तूही, पण आधी मोडून, वाकवून. इतक्या शतकांनी त्या गाळातून वर आल्या. दुसऱ्या कुणाच्या हाती पडल्या तरी कामाला येऊ नयेत, असा हिशेब असेल का? मला तरी तो माणसासारखा वाटला.

चर्चच्या टेकडीवर मला वेगळाच माणूस भेटला. कार्ल आमेंडा, इथला पाद्री आणि व्हायोलिनवादक. संगीतकार बेथोव्हेनचा जिवलग. ऐकू कमी येऊ लागलंय, कुणाला सांगू नकोस, असं बेथोव्हेननं १८०१ साली पत्रातून ज्याला कळवलं, तो हा. पुढच्याच वर्षी तो ताल्सीला आला आणि १८३६ मध्ये इथेच वारला. एवढं मोठं गुपित घेऊन रोज हा चढ चढायचा म्हणजे!

राजाच्या टेकडीवर राजा नाही. तिथे १९९६ पासून कोक्ले वाजवणारा दगडी माणूस आहे. कोक्ले हे त्यांचं तंतुवाद्य. त्याच्याजवळ जरा टेकलो आणि उरलेल्या टेकड्या मोजल्या. सात भरल्या. पुन्हा मोजल्या, तर आठ. तेवढ्यात बसची वेळ झाली.