डिरेक्टरीवर पहारा: निसटणारी फाइल अखेर हाती लागली

नव्या सबफोल्डरमधली पहिलीच फाइल निसटते, ही मागच्या नोंदीत अर्धवट राहिलेली अडचण काल रात्री सुटली! नवी फाइल लिहून झाली की ती बॅकअपला पाठवणाऱ्या माझ्या डीमनचं (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामचं) बाकीचं सगळं काम तिच्यापायी अडलं होतं, म्हणून आज मुख्यतः तिच्याबद्दलच.

इनोटिफाय, म्हणजे फायलींमधल्या बदलांची खबर देणारी लिनक्स कर्नलची सोय, रिकर्सिव्ह नाही: आतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर वेगळा वॉच (पहारा) लावावा लागतो. एका दमात क/ख/ग अशी उतरंड करून आत फाइल टाकली, तर खबर फक्त ‘क’ची येते. तिच्यावर वॉच लावेपर्यंत आतलं सगळं घडून गेलेलं असतं. इनोटिफायवेट या कमांडच्या मॅन पेजमध्येही (मदतपानावर) ही रेस कंडिशन (कोण आधी पोचतं यावर अवलंबून असलेली चूक) नोंदवलेली आहे, आणि ती बहुधा दुरुस्त होण्यासारखी नाही असंही तिथे म्हटलंय. उणीव इतकी सरळ लिहून ठेवणारं डॉक्युमेंटेशन मला फार आवडतं.

अर्धा उपाय आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: आधी वॉच लावायचा, मग आत आधीच काय आहे ते स्कॅन करायचं. त्यात एखादी फाइल दोनदा येते, पण डिव्हाइस आणि आयनोड (फाइलसिस्टिममधली फाइलची ओळख) क्रमांकावरून दुसरी गाळता येते.

खरी गोम पुढे आहे. स्कॅनमध्ये फाइल दिसली, पण ती लिहून झाली आहे की अजून कोणी लिहितंय? वॉच लागण्याआधीच बंद झाली असेल, तर क्लोज-राइट (लिहिणाऱ्याने फाइल बंद केल्याची खबर) कधीच येणार नाही. उघडी असेल तर येईल. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आकार आणि एमटाइम (मजकूर शेवटी बदलल्याची वेळ) काही सेकंद बदलले नाहीत की ‘झाली’ समजायचं, हा प्रचलित तोडगा मला पटत नाही. कॉपी मध्येच थबकली की अर्धवट फाइल बॅकअपला जाते.

उत्तर सापडलं एफसीएनटीएल या सिस्टिम कॉलमध्ये: एफ_सेटलीज. फाइल रीड-ओन्ली उघडायची आणि रीड लीज (कोणी लिहायला आलं तर आधी आपल्याला कळवण्याची कर्नलची हमी) मागायची. कोणाकडेही ती लिहिण्यासाठी उघडी असेल, तर कर्नल ईअगेन ही एरर देऊन नकार देतो. लीज मिळाली, तर फाइल पूर्ण आहे. लीज तिथल्या तिथे सोडून द्यायची. नकार आला, तर वॉच आधीच लागलेला असल्याने क्लोज-राइट येणार हे नक्की. मधे फटच उरत नाही!

दोन गोष्टी मात्र सांभाळा. लीज हातात असताना कोणी लिहायला आलं, तर सिगआयओ हा सिग्नल येतो आणि तो हाताळला नसेल तर प्रोसेस संपते. सुरुवातीलाच तो इग्नोर करून टाका. शिवाय फाइल आपल्याच यूआयडीची (यूजर क्रमांकाची) हवी, नाहीतर कॅप_लीज ही खास परवानगी लागते.

काही सेकंद थांबून बघणारा टायमर गेल्यामुळे डीमन आता नव्या खबरेची वाट पाहत फक्त रीडवर झोपून असतो. टॉप कमांडमध्ये त्याच्यापुढे शून्य टक्के सीपीयू बघत मी बराच वेळ बसलो होतो.

पुढचं काम फॅनोटिफाय (इनोटिफायसारखीच कर्नलची दुसरी सोय) बॅकएंडचं ठरलं होतं. त्यातला फाइलसिस्टिम मार्क (सगळ्या फाइलसिस्टिमवर एकच पहारा) कर्नल 4.20 पासून आहे, पण त्याला कॅप_सिस_अॅडमिन लागते. आणि हे लिहितानाच सुचलं, की इनोटिफायची (मूळ सेटिंगमधली) 16384 इव्हेंटची रांग भरून ओव्हरफ्लो आला, तर हेच स्कॅन-आणि-लीज फंक्शन मुळापासून पुन्हा चालवता येईल. त्याच डिरेक्टरीवर पुन्हा वॉच लावला तर जुनाच डिस्क्रिप्टर (वॉचचा क्रमांक) मिळतो, त्यामुळे तिथे गोंधळ नाही. फक्त पाहिलेल्या फायलींची सीटाइमसकट (आयनोड शेवटी बदलल्याच्या वेळेसकट) यादी मेमरीत ठेवावी लागेल. तेव्हा आधी ती यादी, फॅनोटिफाय नंतर.