उपकेंद्राचं कुलूप निघालं

काल गावातलं आरोग्य उपकेंद्र परत उघडलं आणि खरं सांगते, मला रडूच आलं. आमचा भाग जत तालुक्याचा पूर्वेकडचा, निम्म्या बायका घरात कन्नड बोलणाऱ्या, आणि दोन वर्षं नर्सबाईच नाहीत म्हणून तांबी (कॉपर-टी) बसवायची तरी जतला जायचं, म्हणजे एसटीचं तिकीट गेलं, दिवसाची मजुरी गेली, वर सासूला सांगायचं तरी काय? माझ्या जावेचं (तिला विचारूनच लिहितेय) दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन असंच चुकलं, ते दर ३ महिन्यांनी घ्यावंच लागतं ना, आणि नको असताना दिवस राहिले. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो, पण हे तिला कोणी सांगितलंच नाही, आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आता आलेल्या नर्सबाईंना कन्नड येतं! ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या, कंडोम, लघवीची टेस्ट इथंच मिळणार, गर्भपातासाठी मात्र अजून पुढंच जावं लागेल, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. तपासणीच्या खोलीला पडदा नाहीये, तो मी शिवून देतेय, उद्या माप घ्यायला जाणार.